सेवाधर्म आणि सेवकाचा विषाद

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय, म्हणजे साधारणतः ३० खाटांचे शासकीय रुग्णालय, हाच साथीच्या काळात लोकांचा पहिला आधार असतो. अत्यवस्थ रुग्णाला तेथून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ‘रेफर’ करावे लागते. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत अशा रुग्णालयांतील परिचारिका, कक्षसेवक आणि सफाई कामगार यांनी जे सोसले, त्याला नुसता थकवा म्हणणे अपुरे आहे. पीपीई किट अंगात असेपर्यंत पाण्याचा घोटही न घेता राबणे शरीर एक वेळ सहन करते. परंतु लहान गावात ज्याला नावानिशी ओळखतो, त्याचा देह नातेवाइकांना दुरूनच दाखवून पिशवीत बंद करणे मनाला पेलत नाही. योग्य ते करता न आल्याने सदसद्विवेकाला होणाऱ्या अशा इजेला मानसशास्त्रात ‘नैतिक आघात’ म्हणतात. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर उपचार करताना हा विचार पुढे आला.

सेवा हा धर्म मानला, तर सेवकाने दुःख करावे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. फळाची आसक्ती सोडून कर्तव्य करावे, हा गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश अशा वेळी सेवकाला तत्परतेने ऐकवला जातो. परंतु गीतेचा पहिला अध्यायच ‘अर्जुनविषादयोग’ आहे आणि त्यात अर्जुन हातपाय गळाल्याचे, तोंडाला कोरड पडल्याचे सांगत असताना श्रीकृष्ण त्याला मध्येच तोडत नाही. उपदेशाआधी ऐकून घेणे हा त्या उपदेशाचाच भाग आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भात नव्याने रुजलेल्या बौद्ध परंपरेत याचे उत्तर अधिक नेमके सापडते. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील ग्रंथात शोक हा करुणेचा निकटचा शत्रू मानला आहे, म्हणजे करुणेसारखाच दिसणारा आणि म्हणूनच ओळखू न येणारा. शिवाय मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावा, असे तेथे सांगितले आहे. म्हणून स्वतःची विचारपूस करणे हा सेवकाचा स्वार्थ ठरत नाही.

प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. ते आत्मार्पण वंदनीय आहे. परंतु आत्मार्पण ज्याचे त्याने स्वीकारायचे असते, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आशा स्वयंसेविकेकडून समाजाने ते मागायचे नसते. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. मानसिक आधारासाठी ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत शासकीय दूरध्वनी सेवा सुरू झाली ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे दुसरी लाट ओसरून वर्ष उलटल्यावर.