अक्काचा विग

चातुर्मासात माताजींचा केशलोच बघताना डोळे भरून येतात आपले. केमोनं केस गळाले तेव्हा माझी अक्का मात्र दार लावून बसली. "केशलोचच झाला समज," असं मी तिला म्हणाले, आणि चुकलेच. माताजी स्वतःच्या हातानं केस उपटतात. अक्काला कुणी विचारलंच नव्हतं.

मग विग घालणं मायाचार का? फसवतेय कुणाला ती? बाजारात कुणी "काय झालं गं?" विचारू नये, एवढंच. विग खऱ्या केसांचा. तिरुमलाला वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो, त्यांचेही विग बनतात. हे कुणाच्या नवसाचे, कोण जाणे! गार पाण्यात सौम्य शाम्पूनं धुवायचा, पिळायचा नाही, ओला विंचरायचा नाही, सावलीत वाळवायचा. परवा अक्का म्हणाली, "तूच धू, माझे हात दुखतात." मी धुतला.