एकमताने मंजूर

सभेच्या इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' हे शब्द दिसले की मला पूर्वी फार बरे वाटे. अमेरिकेतही डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एखाद्या ठरावावर एकत्र आले की त्यास 'उभयपक्षी' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना पुढाऱ्यांचा स्वर आपोआप सात्त्विक होतो.

पण त्यांच्या सिनेटचा १९६४ सालचा उन्हाळा पाहा. वर्णभेदाविरुद्धचे नागरी हक्कांचे विधेयक अध्यक्ष जॉन्सन यांच्याच डेमोक्रॅट पक्षातील दक्षिणेकडील सभासदांनी लांबलचक भाषणे करून कामकाजाचे साठ दिवस रोखून धरले. कोंडी फोडण्यास दोन-तृतीयांश मते हवी होती. रिपब्लिकनांचे नेते डर्कसन यांनी शंका काढल्या, कलमे बदलून घेतली आणि मगच आपली माणसे आणली. १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबली. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना चाकाच्या खुर्चीतून आणले होते. मेंदूतील गाठीमुळे त्यांची वाचा गेली होती. नाव पुकारताच त्यांनी बोट डोळ्याकडे नेले. इंग्रजीत डोळा आणि होकार, दोहोंचा उच्चार 'आय'. जुलैअखेर ते वारले.

पुढे ७ ऑगस्टला त्याच सभागृहात टॉन्किनच्या आखाताचा ठराव आला. व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्यास अध्यक्षांना मोकळीक! ज्या दुसऱ्या हल्ल्याचे कारण सांगितले, तो झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ते दोघे, मोर्स आणि ग्रूएनिंग, डेमोक्रॅटच. १९६८ साली दोघांच्याही जागा गेल्या. युद्धात अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन मेले. व्हिएतनामी माणसे त्याच्या कितीतरी पट.

दोन्ही ठराव उभयपक्षीच. परंतु पहिल्यात प्रत्येकाला आपल्याच घरच्यांशी भांडावे लागले. दुसऱ्यात हात वर करणाऱ्याला काहीच मोजावे लागले नाही, मोजले ते सभागृहाबाहेरच्यांनी.

हे मी एवढ्या ठामपणे लिहितो, त्याला कारण आहे. मी ज्या एका शाळेत होतो तिथे शिक्षकांचे दोन तट होते. परस्परांचा चहासुद्धा वर्ज्य. एका सहकाऱ्याने कुणा बड्याच्या मुलाचे गुण वाढवण्यास नकार दिला, तेव्हा दोन्ही तटांनी मिळून त्याच्याच निषेधाचा ठराव केला. मीही हात वर केला. खरे सांगायचे तर तट मिटले म्हणून मला आनंदच झाला होता. तो सहकारी काही न बोलता उठून गेला, आणि आम्ही सर्वांनी त्या दिवशी एकत्र चहा घेतला.