सामाईक भिंत

शेजारधर्म पाळावा, असं सगळेच सांगतात. पण शेजारचं ऐकू आलं, तर ते ऐकलं असं धरावं की नाही, याबद्दल कुणी काही सांगत नाही. ऋषिमुनींचा यात दोष नाही. ते अरण्यात राहत. दोन आश्रमांमध्ये एखादी नदी असे, निदान कोसभर रान तरी असेच. आज पलीकडच्या पर्णकुटीत कसली फोडणी पडली आणि त्यावरून काय वाजलं, हे कळायची त्यांना सोय नव्हती. हा प्रश्न पडायला माणूस नागपूरच्या महालात राहायला हवा.

‘महाल’ या नावावर जाऊ नका. भोसल्यांचा वाडा सोडला, तर आमच्या भागात महाल म्हणावं असं फार थोडं उरलं आहे. आमच्या घराची रुंदी दोन सतरंज्यांएवढी. घरं अशी खेटून उभी, की आधी गल्लीभर एकच लांब घर बांधलं आणि मग वाटण्या झाल्या म्हणून त्याचे तुकडे केले असावेत. दोन घरांत भिंत एकच. अर्धी आमची, अर्धी पलीकडच्या काकांची. आम्ही जरा जोरात खिळा ठोकला, तर काकांकडचं कॅलेंडर खाली येतं. मग काका तिकडून ओरडतात, “जरा वर ठोक!”

बाकी महालात राहण्यासारखं सुख नाही. सगळं पायी. बडकस चौक, चिटणीस पार्क, शुक्रवारी तलाव, कुठंही जायला स्कूटरला किक मारावी लागत नाही. फक्त रस्ता दहा मिनिटांचा असला, तरी वेळ तासाभराचा धरावा लागतो. “काय भाऊ, आज सुट्टी?” इथून सुरुवात होते. पिशवीतल्या वांग्यांवर नजर जाते. “पाव्हणे आले वाट्टे!” घरी पोहोचेपर्यंत वांग्यांची बातमी माझ्या आधी पोहोचलेली असते.

मी बँकेत क्लार्क आहे. अलीकडे आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात, पण नावानं पगारात फरक पडत नाही म्हणून मी जुनंच वापरतो. राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू होताना निष्ठा आणि गुप्तता यांचं प्रतिज्ञापत्र सही करून द्यावं लागतं. खातेदाराची गोष्ट बाहेर फोडायची नाही. मी सही केली आणि मोठ्या जबाबदारीनं घरी आलो, तर भिंतीतून काकांच्या थकलेल्या हप्त्याची चर्चा व्याजासकट ऐकू येत होती. खातं आमच्या बँकेतही नव्हतं! म्हणजे दहा ते पाच माझ्या तोंडाला कायद्याचं कुलूप, आणि पाचनंतर सगळा कारभार उघड्यावर.

कायद्यात काही मिळतं का, तेही पाहिलं. आम्ही कॉमर्सवाले, थोडा कायदा आम्हालाही शिकवतात. सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा म्हणतो, की एखाद्यानं वीस वर्षं शांतपणे, बिनतक्रार खिडकीतून उजेड आणि वारा घेतला, तर तो त्याचा हक्क होतो. आवाजाचं काय? काकांची भजनाची कॅसेट मी वीस वर्षं बिनतक्रार ऐकली. आता ती बंद झाली, तर मला दावा लावता येईल काय? कायदा गप्प आहे. त्याच्या घराला बहुधा सामाईक भिंत नसावी.

कायदा गप्प, म्हणून गल्लीनं स्वतःचे नियम केले. रात्री पलीकडे भांडण झालं, तर सकाळी फक्त हवेवर बोलायचं. “फार उकडतं ना आजकाल?” नागपुरात हे वाक्य बाराही महिने खपतं. संध्याकाळी पातोडीच्या रश्शाची वाटी पलीकडे जाते. कारण ठरलेलं: “जास्त झाला होता.” आमच्याकडे वाजतं, तेव्हा तिकडून साबुदाण्याचे वडे येतात, तेही जास्तच झालेले असतात. दोन्ही घरच्या बायकांना इतक्या वर्षांत स्वयंपाकाचा अंदाज येऊ नये, याचं कुणालाच आश्चर्य वाटत नाही.

आमच्या बँकेतल्या एका मित्राला हे पटत नाही. त्यानं गावाबाहेर बंगला बांधला. चारही भिंती स्वतःच्या, भोवती कुंपण, कुंपणावर कॅमेरा. “आपलं आपण, कुणाची कटकट नाही,” तो म्हणतो. त्याचं ऐकलं की मला आमचं मूळ गाव आठवतं. तुमसर तालुक्यातलं आंबागड. गावाजवळ डोंगरावर किल्ला आहे. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या अमदानीत राजाखान पठाणानं तो बांधला, असं सांगतात. चारही बाजूंनी स्वतःच्या भिंती, शेजारी कोणी नाही. अगदी मित्राच्या बंगल्यासारखा. पुढं भोसल्यांच्या राज्यात त्या किल्ल्याचं काय केलं? तुरुंग! एवढ्या सोयीची जागा दुसऱ्या कशाला लावणार?

आणि याच बख्त बुलंदानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जवळ आणून नागपूर वसवलं. पुढं चांद सुलतानानं भोवती तट घातला. तट गेला, त्यातला जुम्मा दरवाजा तेवढा गांधी गेट म्हणून उभा आहे. माणसांना जगापासून वेगळं करणारी भिंत पडली. घराघरांमधल्या भिंतींना मात्र रोज नवे खिळे ठोकले जाताहेत.

तरी मूळ प्रश्न राहतोच. ऐकलं ते कुणाचं? २०२१ च्या एप्रिलमध्ये तो विनोदाचा उरला नाही. नागपुरात कोरोनाची दुसरी लाट होती. गल्लीत दारं बंद, रुग्णवाहिकेचा आवाज आला की सगळे जागच्या जागी थिजायचे. आणि एका रात्री पलीकडून काकांचा खोकला सुरू झाला. दुसऱ्या रात्री वाढला. सकाळी गल्लीतल्या एकानं दुरूनच विचारलं, “तुमची भिंत एकच ना? काका खोकलतात काय?”

हो म्हणावं, तर काकांच्या दारावर गल्लीचे डोळे बसणार. नाही म्हणावं, तर गल्लीत लहान पोरं आहेत. हवेवर बोलून भागणार नव्हतं. मी म्हणालो, “काकांनाच विचारतो.” घरात आलो आणि भिंतीवर तीनदा ठोकलं.

“काका, खोकला ऐकू येतो. तपासून घ्या.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, “तुले ऐकू येते काय रे?”

“येतं.”

“मंग... भांडणं बी?”

“ते नाही येत, काका.”

काकांनी तपासणी करून घेतली आणि आपला आजार स्वतःच गल्लीला कळवला. पुढचे पंधरा दिवस त्यांच्या उंबऱ्यावर कुणा ना कुणाचा डबा असे. रात्री दहाला आम्ही तीनदा ठोकायचो, तिकडून तीनदा उत्तर आलं की झोपायचो. काका बरे झाले. प्रत्येक घराला तसं म्हणता आलं नाही, हेही इथं लिहून ठेवलं पाहिजे.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, आणि ते बँकेतलंच आहे. भिंतीतून येतं ती ठेव. ती आपली नव्हे, म्हणून दुसऱ्याला वाटायची नाही. पण ‘आमच्याकडे काही जमाच नाही’ म्हणून खातेदाराला परत पाठवणं ही सुद्धा अफरातफरच. गप्पा मारणारा आणि कानावर हात ठेवणारा, दोघंही एकाच कलमाखाली येतात. वेळ आली की ठेव ज्याची त्याला परत करायची. ती वेळ कोणती, हे मात्र कोणत्याही पासबुकात छापलेलं नसतं. त्यासाठी अर्ध्या भिंतीला रोज कान लावून नव्हे, तर कान ठेवून राहावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली. मिस्त्री म्हणाला, “एक विटेचा थर वाढवून देतो. ओल येणार नाही, आवाजबी येणार नाही. खर्च निम्मा निम्मा.” काका म्हणाले, पैसे नाहीत. मीही म्हणालो, पैसे नाहीत. माझ्या खात्यात किती आहेत ते काकांना माहीत होतं, आणि त्यांच्या खात्यात किती आहेत ते मला. बँकेतून नव्हे, भिंतीतून.