परत समुद्रात टाकताना

रस्त्यात कोणाची वस्तू सापडली तर तिचे काय करावे, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. ती मालकाला परत द्यावी, मालक न सापडल्यास चावडीवर जमा करावी, निदान तिचा उपभोग घेऊ नये. परंतु जी वस्तू कोणालाच नको आहे, जिचा मालक ती टाकून निश्चिंत झाला आहे, ती हाती आली तर आपला धर्म कोणता? पूर्वीच्या माणसाला हा प्रश्न फारसा पडला नसावा. त्याने टाकलेले बहुतेक सारे कुजून जात असे. आज मात्र तो ट्रॉलरच्या डेकवर दिवसातून चार-पाच वेळा ओतला जातो.

ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढीत नेतात. त्याच्या दोन्ही बाजूंस जड फळ्या असतात; पाण्याच्या रेट्याने त्या फाकतात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. दोन-तीन तासांनी जाळे वर घेतले की कोळंबी, म्हाकूल, राणे मासे यांच्याबरोबर पिशव्या, बाटल्या, दोरांचे गुंते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी जाळ्याचे लक्तर बाहेर पडते. प्लॅस्टिक तरंगते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः नायलॉन आणि पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक समुद्राच्या पाण्याहून जडच असते. पिशव्या हलक्या खऱ्या. पण त्यांच्यावर शेवाळ चढते, बारीक जीव घर करतात, आत गाळ भरतो, आणि त्याही खाली जातात. तेथे ऊन नाही, लाटांचा मार नाही. झिजायला जे काही लागते, त्यातले तेथे फार थोडे पोचते.

नुकसान केवळ फाटलेल्या जाळ्याचे नसते. पिशव्यांनी भोके बुजली की जाळ्यातून पाणी निघत नाही, ओढ वाढते, डिझेल अधिक जळते. मासळी चिरडते. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या आसांचा, म्हणजे भोकांचा, आकार ४० मिलिमीटर आणि चौकोनी असावा असा नियम आपल्याकडे आहे. लहान पिलांना निसटता यावे, हा त्याचा हेतू. त्या भोकांवर प्लॅस्टिकचा एक चिंधोटा आडवा बसला, की तो नियम पाळणाराही पिले मारतोच. निवडण्याचे काम खलाशांचे. रत्नागिरीकडे ते पुष्कळदा नेपाळहून आलेले असतात. हिमालयाच्या पायथ्याची ही पोरे अरबी समुद्राचा उकिरडा चिवडीत बसतात, याचे कोणाला नवल वाटत नाही.

निवडून झाल्यावर तो कचरा बहुधा परत पाण्यात जातो. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एका तांडेलाला मी याबद्दल विचारले. त्याने रागावून नव्हे, समजूत घालावी तसे सांगितले, “मास्तर, ठेवू कुठे? खणात बर्फ नि मासळी. आणि धक्क्यावर उतरवलं, तर सगळे मलाच विचारणार, ही घाण कोणी आणलंन?”

या उत्तरापुढे मी पुष्कळ दिवस अडून राहिलो. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की मी काही नवे टाकत नाही. जे जेथे होते तेथेच ठेवतो. हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही. गावच्या विहिरीत पोहऱ्याबरोबर मेलेली घूस वर आली, तर ती मी मारली नाही म्हणून कोणी पुन्हा आत सोडत नाही. वर येईपर्यंत ती कोणाचीच नव्हती. हातात आल्यावर तिला खाली सोडणे हे नवे कृत्य होते, आणि ते ज्याच्या हातून घडते त्याचेच असते. शिवाय विहिरीचे पाणी त्यालाही प्यायचे असते. उद्या त्याच तळावरून त्याचे किंवा त्याच्या भावकीतल्या कोणाचे जाळे जाणारच आहे.

पण तांडेलाची दुसरी गोष्ट इतकी सहज खोडता येत नाही. टाकणारा हात कोणी पाहत नाही. उचलणारा हात सर्वांना दिसतो. म्हणून ज्याने उचलले त्यालाच आपण मालक ठरवतो. सत्कृत्याची अशी शिक्षा ठरलेली असताना त्याला कर्तव्य शिकवायला जाणे मला, माझ्या धंद्याची सवय असूनही, जड जाते. घेणारा कोणी नसेल तर देण्याचे कर्तव्य उरते काय? उरते, असे मी म्हणेन. मात्र त्यातला दोष मग नावेवर थोडा आणि धक्क्यावर पुष्कळ असतो. धक्क्यावर म्हणजे आपल्यावर. आपण मासळी मोजून घेतो, आणि ती पिशवीत घालून मागतो.

केरळातील कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात २०१७ साली सरकारने ‘शुचित्व सागरम्’ नावाची योजना सुरू केली. नावांना कचऱ्यासाठी पिशव्या दिल्या, बंदरावर तो उतरवून घेण्याची सोय केली. कोळी घरांतल्या बाया तो धुऊन निवडू लागल्या, आणि त्याचा भुगा डांबरात मिसळून रस्त्यांसाठी वापरला जाऊ लागला. पहिल्या दहा महिन्यांत सुमारे २५ टन माल वर आला. तेथल्या मच्छीमारांचे मन आपल्याकडच्यांहून उदार असेल असे मानण्याचे कारण नाही. तेथे पलीकडे हात पुढे झाला, एवढेच. गंमत अशी, की याच गावी १९५३ साली नॉर्वेच्या साहाय्याने यांत्रिक मासेमारी शिकवायला आरंभ झाला होता.

याचा अर्थ ट्रॉलर आता समुद्राचा झाडूवाला झाला, असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या फळ्या तळ खरवडतात. त्या खरवडण्यातच कचरा वर येतो. आणि त्यातला बराचसा मच्छीमारीचाच असतो. समुद्रातले सूक्ष्म जीव गोळा करण्यासाठी जहाजामागे ओढले जाणारे एक यंत्र १९३१ पासून वापरात आहे. त्याच्या जुन्या नोंदी अलीकडे चाळल्या, तेव्हा त्यात प्लॅस्टिक अडकल्याची सर्वांत जुनी नोंद १९५७ सालची, आइसलँडजवळची निघाली. ती पिशवी नव्हती. ट्रॉलरच्या जाळ्याची दोरी होती. पिशवी त्यानंतर आठ वर्षांनी, आयर्लंडजवळ सापडली.

पावसाळ्यातल्या बंदीच्या दिवसांत नावा वर ओढलेल्या असतात आणि माणसे ताडपत्रीखाली बसून जाळी दुरुस्त करतात. हिरव्या-निळ्या नायलॉनची टोके कापून वाळूतच पडतात. सुताची जाळी होती तेव्हाही ती अशीच पडत. संध्याकाळी जाळे गुंडाळून ठेवले जाते, टोके तेथेच राहतात, आणि रात्री पाऊस लागतो.