दोन्हीकडून नमस्कार

वारकरी संप्रदायाचे नेम मोजके आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ, मद्यमांस वर्ज्य आणि पंढरीची वारी. घरदार सोडा, असे हा पंथ सांगत नाही. शेतीवाडी, संसार सांभाळून माळकऱ्याला हे सारे पाळता येते. या नेमांबरोबर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आणखी एक रीत आहे. दोन वारकरी भेटले की ते एकमेकांच्या पाया पडतात.

एरवी आपल्याकडे नमस्काराची दिशा ठरलेली. धाकट्याने थोरल्याला करायचा, सुनेने सासूला, शिष्याने गुरूला. कोणी कोणापुढे वाकायचे हे वय, नाते आणि मान पाहून ठरते. फार काळ ते जातीवरूनही ठरत आले. वारीत सत्तरीतले आजोबा पहिल्यांदाच दिंडीत आलेल्या पोराच्या पायांना हात लावतात आणि त्याला ‘माउली’ म्हणतात. ज्ञानोबारायांना जे नाव दिले, त्याच नावाने त्या पोराला हाक मारतात.

पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर भाविकाला स्वतः डोके ठेवता येते. त्या पायांशी जो भाव, तोच समोरच्या माणसाच्या पायांशीही असावा, ही या रीतीमागची श्रद्धा. देव सगळ्यांच्या ठायी आहे, हे बोलायला कोणालाच जड जात नाही. अमक्यापुढे वाकायचे म्हटले की मात्र मन अडते, आणि आपण ते किती मानतो हे तिथेच कळते.

संप्रदायालाही या कसोटीतून जावे लागले. संत चोखोबा विठ्ठलाचे निस्सीम भक्त, पण जातीमुळे त्यांना मंदिराबाहेरच राहावे लागले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. पिढ्यान्‌पिढ्या वारकरी त्या समाधीपुढे माथा टेकवत आत गेले; चोखोबांच्या जातभाईंना मात्र तो उंबरा ओलांडता येत नव्हता. त्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. मग ती दारे उघडली. संतांनी जे शिकवले ते आचरणात यायला सहाशेहून अधिक वर्षे गेली, ही गोष्ट मनाला लागली पाहिजे.

वाटेवर, टाळमृदंगाच्या गजरात वाकणे सोपे जाते, कारण सगळेच वाकत असतात. वारी करून घरी आल्यावर तो भाव टिकवणे अवघड. पहाटे जिना झाडणारी बाई, गटारात उतरणारा कामगार, बांधावरून वर्षानुवर्षे भांडण असलेला शेजारी, घरात ज्याचे कोणी ऐकत नाही असे म्हातारे माणूस. यांच्यापुढे वाकावे असे आपल्या मनातही येत नाही. आज यांतल्या एकाशी तरी त्याच आदराने बोलू या. त्याने आधी नमस्कार करावा, याची वाट न पाहता.