मृतांचे आपण काय देणे लागतो?

शबे-बरातच्या रात्री आपण कब्रस्तानात जातो. आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या कबरीपाशी उभे राहून फातिहा पढतो, मगफिरतीची दुआ मागतो आणि घरी परततो. ज्याची कबर आपल्याच गावात आहे त्याच्या बाबतीत हे सोपे असते. पण ज्याची माती परमुलखात पडली, त्याची आठवण कोणी आणि कशी ठेवायची? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की आठवण ठेवणे म्हणजे नेमके काय करणे? मेलेल्यासाठी दुआ करणे, की त्याचे भांडण पुढे चालवणे?

हा प्रश्न कॅनडाच्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या कबरीपाशी फार स्पष्टपणे उभा राहतो. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर विमरो नावाचे गाव आहे. तिथल्या कब्रस्तानात लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे दफन आहेत. जमीन रेताड असल्यामुळे तिथल्या सैनिकांच्या कबरींवरचे दगड उभे न करता आडवे ठेवले आहेत. मॅक्रे यांचा जन्म १८७२ साली कॅनडातल्या ग्वेल्फ गावी झाला. पेशाने ते डॉक्टर. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकवत. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा वयाची चाळिशी उलटलेली असूनही ते लष्करात दाखल झाले.

एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. त्या लढाईत मॅक्रे तोफखान्याच्या तुकडीबरोबर जखमींवर उपचार करीत होते. ही धुमश्चक्री सतरा दिवस चालली. २ मे रोजी त्यांचा तरुण मित्र लेफ्टनंट ॲलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने मारला गेला. वय अवघे २२. धर्मगुरू हजर नव्हता, म्हणून दफनविधीची प्रार्थना मॅक्रे यांनीच म्हटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही कविता लिहिली. इंग्रजी जाणणाऱ्या जगात युद्धाविषयीची याहून प्रसिद्ध कविता क्वचितच असेल. मॅक्रे स्वतः युद्धाचा शेवट पाहू शकले नाहीत. २८ जानेवारी १९१८ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत त्यांचा लाडका घोडा होता आणि त्याच्या रिकिबीत मालकाचे बूट उलटे अडकवलेले होते.

या कवितेत मेलेले सैनिक स्वतः बोलतात. आधी ते आपल्या कबरींविषयी आणि हरवलेल्या आयुष्याविषयी सांगतात. तिथपर्यंत ती वाचणाऱ्याचे काळीज हलवते. पण शेवटच्या कडव्यात ते जिवंतांना शत्रूशी चाललेले वैर पुढे नेण्याची आज्ञा देतात, आणि तसे न केल्यास आपल्याला स्वस्थता मिळणार नाही असे बजावतात. पुढे कॅनडात युद्धकर्ज उभारण्याच्या प्रचारात याच कवितेचा वापर झाला. एका मित्राच्या कबरीवरचे अश्रू असे आणखी हजारो कबरींच्या कामी आले. त्या युद्धात कॅनडाने ६० हजारांहून अधिक माणसे गमावली.

मॅक्रे यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. मित्राला मातीत ठेवून एक दिवसही झाला नव्हता. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हेल्मरला काय हवे होते हे त्याला कोणीही विचारले नव्हते. मेलेला माणूस बोलत नाही. त्याच्या तोंडी शब्द घालतो तो जिवंत माणूसच.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. इस्लामपूर्व अरबांची अशी समजूत होती की ज्याच्या खुनाचा सूड घेतला गेला नाही त्याच्या डोक्यातून घुबडासारखा एक पक्षी निघतो आणि सूड पुरा होईपर्यंत कबरीवर तहानेने ओरडत राहतो. त्याला ते हामा म्हणत. या ओरडण्याच्या धाकाने पिढ्यान् पिढ्या कबिले एकमेकांचे गळे कापत राहिले. असा हामा अस्तित्वातच नाही, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट सांगितले. हिजरी १० मध्ये अखेरच्या हजच्या वेळी त्यांनी अज्ञानकाळातले खुनाचे सगळे दावे रद्द केले आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. त्यांचे चुलतभाऊ रबिआ बिन हारिस यांचा मुलगा बनू साद कबिल्यात दाईकडे वाढत असताना हुजैलच्या लोकांकडून मारला गेला होता. त्या बाळाच्या खुनाचा दावा त्यांनी सर्वांत आधी सोडून दिला. त्या बाळावर त्यांचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? वैर सोडणे म्हणजे मृताला विसरणे नव्हे, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवले.

मग मृतांचे आपण काहीच देणे लागत नाही का? लागतो. एकदा एक जनाजा आणला गेला तेव्हा मयतावर कर्ज आहे का, असे पैगंबरांनी विचारले. अबू कतादा यांनी ते फेडण्याची हमी घेतली, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. मृताचे कर्ज वारसांनी फेडावे, त्याची वसीयत पाळावी, त्याच्यासाठी दुआ करावी, त्याच्या नावे सदका द्यावा. या यादीत दुश्मनी कुठेही नाही.

इथे एक आक्षेप येईल. हे तत्त्वज्ञान दुबळ्यांना गप्प बसवण्याच्या कामी येणार नाही का? १९९२-९३ साली मुंबईत ज्यांची माणसे मारली गेली त्यांना आम्ही ‘विसरा’ म्हणून सांगायचे का? नाही. न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली आपला अहवाल दिला, आणि त्यावर कारवाई मागणे हा हक्कच होता. न्याय हे मृताचे कर्जच आहे आणि ते मागितलेच पाहिजे. पण न्याय गुन्हेगाराला शोधतो, सूड गुन्हेगाराच्या जातभाईला शोधतो. कुरआनने खून झालेल्याच्या वारसाला अधिकार दिला, पण मर्यादा ओलांडू नये अशी ताकीदही दिली, आणि माफ करणाऱ्याचे मोठेपण सांगितले. हा फरक विसरला की बॉम्बस्फोटात मेलेल्यांच्या आणि दंगलीत मेलेल्यांच्या नावाने एकमेकांविरुद्ध घोषणा देणारे दोन्हीकडे उभे राहतात. तो हामाच असतो, फक्त भाषा नवी असते.

शिवाय वारशाने भांडण घ्यायचे ठरवले तर कोणाचे घ्यायचे? मॅक्रे जिथे जखमींना टाके घालत होते, त्याच ईप्रजवळ २६ एप्रिल १९१५ रोजी जमादार मीर दस्त या आफ्रिदी पठाणाने वायूच्या हल्ल्यात आपले सहकारी वाचवले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचा सख्खा भाऊ मीर मस्त सुमारे दोन महिने आधीच जर्मनांना जाऊन मिळाला होता. एकाच घरातले दोन भाऊ. त्यांच्या नातवंडांनी कोणाचे वैर पुढे न्यावे?

परक्या, परधर्मीय सैनिकाच्या कबरीचा आपण का विचार करावा, असेही कोणी विचारील. मगफिरतीच्या दुआचा मसला उलेमांवर सोडू. पण एका यहुदी माणसाचा जनाजा जाताना पैगंबर उभे राहिले, आणि लोकांनी तो यहुदी असल्याचे सांगितले तेव्हा तोही एक जीवच होता याची त्यांनी आठवण दिली. उभे राहण्याचा हा अदब आपल्याला शिकवलेला आहे.

हेल्मरची कबर पुढच्या लढायांत नाहीशी झाली. आता त्याचे नाव ईप्रच्या मेनिन गेटवर आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्या कमानीवर कोरलेली आहेत, आणि त्यांत चारशेहून अधिक नावे हिंदुस्थानी सैनिकांची आहेत. रोज रात्री आठ वाजता तिथे बिगूल वाजतो, वाहतूक थांबते, लोक गप्प उभे राहतात. त्या वेळी कोणी कोणाला शत्रू म्हणत नाही. आज त्या गर्दीत जर्मन पाहुणेही उभे असतात.

आपल्या पुण्यातही खडकीच्या वॉर सिमेट्रीत दीड हजारांहून अधिक सैनिक दफन आहेत. त्यांतल्या अनेकांचे घर समुद्रापलीकडे राहिले. तिथले माळी गवत कापतात, दगड पुसतात, फुलझाडांना पाणी घालतात. मेलेला कोणाचा आणि कोणाविरुद्ध लढला, याची चौकशी ते करीत नाहीत. मॅक्रे यांच्या कवितेतल्या मृतांना एवढे तरी सांगता येईल की तुमचे भांडण आम्ही घेतले नाही, पण तुमच्या कबरीवरचे गवत आम्ही वाढू दिले नाही. माझ्या मते मृतांचे देणे फेडण्याची हीच रीत आहे.