तास मोजावेत की काम?



द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला (मत्तय २०:१-१६) वाचला गेला की मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुणीतरी हमखास विचारते, "फादर, हा कसला न्याय?" पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच दिनार! नोकरदार माणसाला हे बोचतेच. काम पूर्ण करून साडेपाचला लोकल पकडणारी आई आणि साहेब उठेपर्यंत खुर्ची न सोडणारा सहकारी, यांच्यात बढती कोणाला मिळते हे त्याने पाहिलेले असते.

म्हणून हल्ली पुष्कळजण म्हणतात, घड्याळ पाहू नका, झालेले काम पाहा. आम्हांला हे बरेचसे पटते. नुसते तास मोजले की माणूस बसून राहायला शिकतो, आणि त्याची किंमत घरी वाट पाहणारी मुले मोजतात.

पण दाखला पुन्हा वाचून पाहा. कुरकुर करणारे आपले तास आणि ऊन पुढे करतात; किती टोपल्या द्राक्षे तोडली हे त्यांतला एकही सांगत नाही. धनीही ते विचारत नाही. म्हणजे या मळ्यात तासही मोजले गेले नाहीत आणि टोपल्याही!

मत्तयच्याच पंचविसाव्या अध्यायात, टॅलेंटच्या दाखल्यात, मात्र चोख हिशेब आहे. एका चाकराने पाचाचे दहा केले, दुसऱ्याने दोनाचे चार. आजच्या ऑफिसात दहावाला पहिला आला असता. तिथे धनी दोघांनाही सारखीच शाबासकी देतो, कारण ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणेच त्याने धन सोपवले होते. तिसऱ्याचा दोष हा की त्याने ते जमिनीत पुरले. प्रभू येशू फळ मागतो, पण आधी हाती काय दिले होते ते लक्षात घेतो.

सेमिनरीत ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकताना एक मुद्दा मनात बसला होता. वाटप योग्यतेप्रमाणे व्हावे हे सर्वांना मान्य असते. भांडण होते ते योग्यता कशाला म्हणावे यावर. सव्वादोन हजारांहून अधिक वर्षे झाली, अप्रेझलचा फॉर्म अजून तिथेच अडकलेला आहे.

घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाचे घ्या. त्याला नगावर पैसे. पाऊस, ट्रॅफिक, बंद पडलेली लिफ्ट, चुकीचा पत्ता, यातले काय त्याच्या हातात आहे? निकालावर मोजायचे तर ज्याचा निकाल त्याच्या ताब्यात आहे त्यालाच मोजावे, असे आम्हांला वाटते. शिवाय कोणत्याही मोजमापाखाली एक जमीन हवी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात सांगितले की, मालक-मजुरांनी आपखुशीने करार केला तरी त्या कराराच्या वर नैसर्गिक न्याय आहे. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल इतकी मजुरी मिळालीच पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये 'लाबोरेम एक्सेर्चेन्स'मध्ये पुढची गोष्ट मांडली: कामाचे मोल सर्वप्रथम ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. दाखल्यातला दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी, म्हणजे घरातली एका दिवसाची चूल. पाचपर्यंत उभे राहिलेले आळशी नव्हते. त्यांना कुणी बोलावलेच नव्हते. त्यांच्या मुलांची भूक मात्र इतरांच्या मुलांएवढीच होती.

बंधुभगिनींनो, आपल्यातले बरेचजण ऑफिसात नोकर आणि घरी मालक आहेत. साहेबाला "माझे काम पाहा" म्हणणारे आपणच, घरकामाची बाई पाऊण तासात भांडी-लादी उरकून निघाली की "आज एवढ्या लवकर?" म्हणून तिला गॅलरीही पुसायला लावतो. तीच बाई तापाने दोन दिवस आली नाही, तर महिनाअखेरीस आपण घड्याळ-कॅलेंडर घेऊन बसतो. या महिन्याचा पगार देताना तेवढे दोन दिवस कापू नयेत, अशी आमची विनंती आहे.